यंदाची तोडणी आणि आईंची चव

धाकटीच्या बाबांना,
सप्रेम नमस्कार.

देवाच्या कृपेने आईंचा ताप उतरला. दवाखान्याच्या व्हरांड्यात फेऱ्या मारतात, नर्सबाईंना नावं ठेवतात, म्हणजे बऱ्याच आहेत. धाकटी वेळेवर जेवते ना? गळलेली फळं झाडांच्या बुडाशीच कुजू द्या, विकतचं खत आणू नका.

भावजींबरोबर पाठवलेली नमुन्याच्या रसाची बाटली पोहोचली. आईंनी दरवर्षीसारखा डोळे मिटून घोट घेतला आणि म्हणाल्या, "गोडी भरली आहे. सांग त्याला, संत्री तोडायला घे." उरलेला रस मी चाखला, तर वाटेतल्या उन्हाने तो पार आंबला होता.

मी म्हटलं, "आई, आंबट नाही ना लागला?" तर "आता तू मला चव शिकवणार?" म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड केलं. डॉक्टर म्हणतात, अशा तापात चव जाते. कधी परतते, कधी नाही.

आपण रसात साखर घालत नाही, की टिकण्यासाठी पावडर. तोडणीची वेळ चुकली तर वर्षाची मेहनत वाया. तेव्हा यंदा फळ तुम्हीच चाखा आणि तुम्हीच ठरवा.

पण रस काढलात की ताजी बाटली घेऊन या, आईंच्या हातात द्या आणि विचारा, "आई, बाकीच्या बाटल्यांना झाकणं लावू का?" सगळ्या आधीच बंद केल्या असल्या, तरी त्यांच्या होकारासाठी थांबलोय, अजून एकही झाकण लावलेलं नाही, असंच सांगा. हे खोटं देवाने माझ्या खात्यावर मांडावं.

जिवाला जपा.
तुमची,
सौ.