गुंडप्पा ओझेकी झाला

अग्रहार, म्हैसूर

दादा,

आपला गुंडप्पा ओझेकी झाला! सुमोतली वरून दुसरी पायरी, अल्वा, हो ना? तो अगदी तळाला होता तेव्हा तूच त्या जपानी पैलवानाला हे नाव ठेवलंस. दुपारी जेवून तू चामराजपुरमहून यायचास, मोबाइल डब्याला टेकवून कुस्त्या लावायचास, आणि गुंडप्पा आखाड्यात उतरला की त्या पैलवानांसारखं माझं मूठभर मीठ फरशीवर उधळायचास. मी ओरडत झाडायचे.

यंदा स्पर्धेच्या शेवटच्या दिवशी मीच मीठ उधळलं. अय्यो, तो जिंकला तेव्हा टाळी द्यायला मी रिकाम्या खुर्चीकडे हात केला.

दोन वर्षं झाली. माझ्या लेकीच्या, सौम्याच्या लग्नात मुहूर्त टळेल म्हणून तिच्या पाठीशी मामा म्हणून दुसऱ्यालाच उभं केलं, आणि तू न जेवता निघून गेलास. तुला उशीर झाला, असं मी सगळ्यांना सांगते. पण तुझी ऑटो त्याआधीच दारात थांबलेली मला दिसली होती, दादा.

सुमोत शिट्टी नसते, तूच सांगायचास. दोघांनी हात जमिनीला टेकले की मगच कुस्ती सुरू होते. हे लिहिलं, म्हणजे माझा एक हात टेकला. पाकिटावर तुझा पत्ता घातला की दुसरा टेकेल.

पाकीट अजून कोरंच आहे.

तुझी,
गोदी