दोन्हीकडे चालणारं मशीन

आये, काल तुझ्या नातीशी मी भर दुकानात भांडलो. तू गेलीस तेव्हा माझं लग्नही झालं नव्हतं, त्यामुळे ही तुला ठाऊक नाही. तेरा संपून चौदावं लागतंय तिला. दोन वर्षांपूर्वी तिची आई आणि मी वेगळे झालो. त्या दोघी पुण्याला असतात, मी इथे सुकापूरला, आणि एक सोडून एक शनिवारी पोरगी माझ्याकडे येते. आई तिकडे बसमध्ये बसवून देते, मी पळस्पे फाट्यावर उतरवून घेतो. जासईच्या कंटेनर यार्डातली ड्युटी त्या दिवसापुरती कुणाच्या तरी गळ्यात मारायची आणि बस यायच्या तासभर आधीच फाट्यावर जाऊन उभं राहायचं, हे आता अंगवळणी पडलंय.

भांडण कशावरून, तर टीव्हीला जोडून गेम खेळायच्या मशीनवरून. हसू नकोस. यात दोन जाती आहेत. एक मोठा, जड खोका, टीव्हीखाली ठेवला की कायमचा तिथेच. पण ताकद अशी की पडद्यावर गवताचं पातं न् पातं हललेलं दिसतं. दुसरं जेवणाच्या डब्याएवढं. घरी असताना टीव्हीला जोडायचं, बाहेर निघालं की काढून हातात घ्यायचं आणि बसमध्ये बसून तोच खेळ पुढे चालू. पुढची मशिनं ताकदीची हवीत की अशी फिरती, यावर जगभर लोक तावातावाने बोलतात. आम्ही बापलेकही सहा महिने बोलतोय. मी ताकदीच्या बाजूने, ती फिरत्याच्या. खरं सांगू का, हा वाद मीच मुद्दाम लांबवला. फोनवर शाळा कशी चाललीय विचारलं तर ती 'बरी' म्हणते, जेवलीस का विचारलं तर 'हो'. पण फिरत्या मशीनची बॅटरी दोन तासांत बसते असं नुसतं म्हटलं की पुढचा अर्धा तास माझा. ती मला चूक ठरवायला व्हिडिओ पाठवायची, मी ते बघून उलटे मुद्दे काढून ठेवायचो, अगदी यार्डात कंटेनरची सीलं तपासतानासुद्धा. एवढं बोलणं तिच्या आईशीही मी कधी केलं नसेल.

वाढदिवसाला नवीन मशीन घ्यायचं कबूल केलं होतं, म्हणून काल फाट्यावरूनच तिला पनवेलच्या दुकानात घेऊन निघालो. गाडीवर मागे बसल्या बसल्या तिने सांगितलं की जूनपासून शनिवारी क्लास आहे, आता महिन्यातून एकदाच यायला जमेल. दुकानात शिरलो आणि सरळ मोठ्या खोक्यावर हात ठेवून म्हटलं, हे द्या. दुकानदार भला माणूस. ताईला काय हवंय ते तरी विचारा, असं हळूच म्हणाला. तिने डब्याएवढ्या मशीनकडे बोट दाखवलं. मग मी सुरू झालो. बसमध्ये डोळे खराब होतील, पडेल, चोरीला जाईल, ताकद नाही, वर्षभरात जुनं होईल. सहा महिन्यांचे सगळे मुद्दे त्या काउंटरवर ओतले, आणि या वेळी आवाजात गंमत नव्हती. गिऱ्हाईकं वळून बघायला लागली. शेवटी मी म्हणालो, "जे दोन्हीकडे चालतं ना, ते कुठेच धड नसतं."

तिने दाखवलेलं बोट खाली घेतलं. मग अगदी सावकाश म्हणाली, "मी पण दोन्हीकडेच असते, बाबा."

दुकानदाराने मान खाली घालून बिलबुक चाळायला घेतलं. तिथे थांबायला हवं होतं, तरी मी खोकाच घेतला. कोणी आडवं आलं की माझं डोकं कसं फिरतं ते तुला माहीत आहे. घरी आल्यावर तिने तो उघडलाही नाही. रात्री निमूट जेवली, आज दुपारी फाट्यावर बसमध्ये चढताना पायरीवर थांबली आणि विचारलं, "मी तुझ्याकडे गेमसाठी येते असं वाटतं का तुला?" मी उत्तर देण्याआधी कंडक्टरने दार लावलं. बस घाटाच्या दिशेने गेली. आता घरी येऊन बसलोय. समोर टीव्हीखाली तो खोका आहे, सीलबंद, आणि मला राहून राहून तुझा ट्रान्झिस्टर आठवतोय.

बाबांनी टीव्ही आणला तेव्हा अख्खा कोळीवाडा बघायला आला होता. सरकत्या दारांचं लाकडी कपाट, त्याला कुलूप. तू मात्र त्याच्यासमोर कधी बसलीच नाहीस, तुला वेळ कुठे होता? तुझा जीव त्या लाल ट्रान्झिस्टरमध्ये. पहाटे पाटीत बर्फ, मासळी, कोयता, आणि वर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला तो. बाजारात तू बोंबील, मांदेली विकतेस आणि तो तुझ्या गुडघ्याशी गातो. घरी आल्यावर आपला नियम ठरलेला: बाजारातून आलेलं सगळं मागच्या दारी धुवायचं, मगच उंबऱ्याच्या आत. पाटी, कोयता, पैशांची पिशवीसुद्धा. नियमातून सुटका फक्त ट्रान्झिस्टरची, तो तू पदराने पुसायचीस. मी दहा वर्षांचा होतो. तू मागे आंघोळ करत होतीस तेव्हा मी तो बादलीत बुडवला, साबण लावला, वर लिंबू चोळलं, आणि उन्हात पाटीवर वाळत ठेवला.

तू आलीस. बटण फिरवलंस, कानाला लावलास, पुन्हा फिरवलंस. मला वाटलं आता पाठीत बसणार. मी रडत रडत सांगितलं की वास येत होता, म्हणून धुतला, आपण सगळं धुतोच ना. तू माझ्या केसांतून हात फिरवलास आणि म्हणालीस, "बरा केलास. आता वास तरी नाय येनार." बस, एवढंच. बाबांनी नवा आणून देतो म्हटलं, तर तू नको म्हणालीस. नंतर कित्येक महिने तो मुका ट्रान्झिस्टर तू पाटीत घालून नेत होतीस. शेजारच्या कोळणी चेष्टा करायच्या, तू सवय हाय म्हणायचीस. आणि मासळी संपली तरी घरी यायची नाहीस. बाजाराच्या तोंडाशी चहावाल्याकडे रेडिओ होता, तिथे उभी राहून गाणी संपेपर्यंत ऐकायचीस आणि पूर्वीपेक्षा तासभर उशिराच यायचीस. मी टीव्हीची दारं उघडून, आवाज मोठा करून बसलेला असायचो.

दुकानदाराला मघाशी फोन केला. सील तुटलेलं नसेल तर उद्या बदलून देतो म्हणाला. डब्याएवढं मशीन आणेन, पुण्याला पाठवून देईन, आणि मग ती महिन्यातून एकदा तरी येते का बघत फाट्यावर उभा राहीन. मला भीती वाटते, आये. नाही आली तर काय करायचं ते मला माहीत नाही.

तो ट्रान्झिस्टर वासासाठी धुतला नव्हता. मला त्या वासाचं काही वाटायचं नाही, तो तुझाच वास होता. तो बंद पडला की तू संध्याकाळी टीव्हीसमोर माझ्याजवळ येऊन बसशील, असं मला वाटलं होतं. तुला वाचता येत नव्हतं. गावाकडून आलेली पत्रं मीच तुला वाचून दाखवायचो. तू असतीस तर हे पत्रही मलाच वाचून दाखवावं लागलं असतं, आणि या ओळींपाशी आलो असतो तेव्हा मी काहीतरी दुसरंच वाचलं असतं.