चुलीवर सुकवलेली फ्लॉपी

रामनगर, ऑगस्ट १९९६
रविवार, संध्याकाळ

वर्गमित्रांनो, पगारपत्रकाचा प्रोग्रॅम लिहिला की आपल्याला शाबासकी मिळते, खेळ लिहिला की पोरकट म्हणून हिणवतात... उद्या असं सुरू करू? छे, भाषण कसलं! फ्लॉपीच गेली आहे.

भातात रानडुकरं शिरतात आणि शेतातल्या माळ्यावर, मचाणावर बसलेला राखणदार त्यांना हाकलतो, एवढाच माझा खेळ. सरांशी भांडून परीक्षेसाठी तोच मंजूर करून घेतला. विद्यापीठातल्या संगणकावर काही ठेवू देत नाहीत, म्हणून सगळा या एकाच फ्लॉपीवर. दुसरी प्रत का नाही काढली मी?

पावसाची ओल लागू नये म्हणून आयेनं ती चुलीवर, काकडीच्या बियांशेजारी टांगली. धगीनं कड वाकली आहे, आतली चकती फिरत नाही.

"बी वरीसभर ऱ्हातंय की तितं," आये म्हणाली. "मग ह्येच कसं मेलं?"

बाबा म्हणाले, "सभेत लई बोलतोस न्हवं? आता हिला उठीव बोलून."

ती वाकलेली कड कितीदा तरी बोटांनी दाबून पाहिली. सरळ होत नाही.

शुक्रवारी परीक्षा. खेळ डोक्यात आहे, पुन्हा लिहीन. पण संगणकापुढे मला रोज एकच तास मिळतो. इतकी व्यासपीठं गाजवली आणि मागायला जीभ रेटत नाही! नापास झालो तर यापुढे कुणालाच खेळ लिहू देणार नाहीत.

तेव्हा उद्या एवढंच बोलायचं: मित्रांनो, या आठवड्यातले तुमचे संगणकाचे तास मला द्या.