मेलेल्या कोंबड्यांचा खड्डा

मंगळवार, संध्याकाळ. डोंगरकडा.

आमची कपिली गाय सकाळी गेली. दोन दिवस पाय लुळे, जीभ बाहेर लोंबलेली. ढोरांचे डॉक्टर म्हणाले, "बोट्युलिझम दिसतोय. कुजलेल्या कोंबड्यांत त्याचं विष तयार होतं. त्या खोल पुरून वर चुना टाकायचा असतो." शेजारचा दत्ता पोल्ट्रीतल्या मेलेल्या कोंबड्या आमच्या बांधावर फेकतो. तिथंच ती चरायची. वास येत होता, तरी मी गप का बसले? ती जीभ डोळ्यांपुढून हलत न्हाई.

दुपारी हातमोजे घालून सगळ्या कोंबड्या पोत्यात भरल्या, त्याच्या दारात ओतल्या.

"वहिनी, काहून असं करून राहिल्या?"

"खड्डा खांद. मी इथंच उभी हाय."

कंबरेइतका खड्डा होईपर्यंत हलले न्हाई. चुनाही त्यालाच टाकायला लावला. घामाघूम होऊन तो माफी मागू लागला. मला बरं वाटलं. माफ मात्र केलं न्हाई.