दोन गाढविणी

मी, खाली सही करणारा, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंदा चित्रपटांसाठी हलती चित्रे काढण्याचा, सध्या निवृत्त, हे स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तपासून तसा कागद दिला आहे. तो वाचून पत्नी म्हणाली, "एवढं एक खोटं कशाला लिहून घेतलंत?" तरी कागद ग्राह्य धरावा. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. मत्सर आहे, पण मत्सर म्हणजे दडपण नव्हे, असे वकीलबाईंचे मत पडले. गेल्या वर्षी केलेले मृत्युपत्र मी याने रद्द करतो. ते का केले आणि का मोडले, हे मुलांना माझ्या माघारी दुसऱ्यांकडून कळू नये, म्हणून इथेच सांगतो.

१. राहते घर आणि बँकेतल्या ठेवी पत्नीला. कोणतीही अट नाही. मुलाला व मुलीला जे द्यायचे ते मी हयातीत दिले आहे. कमी पडले असे वाटल्यास तक्रार आईकडे करावी.

२. काचेखाली दिवा असलेले माझे टेबल मुलाला. कागदावर कागद ठेवून, खालचे चित्र वरच्यातून पाहत मी त्यावर जन्म काढला. कॉलेजात असताना चिरंजिवांनी त्यावर शर्टाला इस्त्री केली आणि काच तडकली. तड्यासकट न्यावे.

३. टेबलावरचा आरसा नातीला. त्यात पाहून मी गाढवासारखी तोंडे करीत असे आणि ती कागदावर उतरवत असे. तिची आजी म्हणते, फार कष्ट पडत नसत.

४. चित्रपटाला मिळालेले पितळी मानचिन्ह. ते माझ्या हातात दिले, फोटो काढला आणि परत घेतले. आजही ते स्टुडिओच्या मालकांच्या खोलीत आहे. ते मागण्याचा हक्क मी जावयाला देतो. या घरात भांडायची हौस त्यालाच आहे.

५. गाढविणीची मूळ चित्रे, लोखंडी कपाटाचा खालचा भाग. कोणती गाढवीण ते स्पष्ट केले पाहिजे, कारण आता दोन आहेत.

पहिली माझी. मी तिशीत असताना आमच्या स्टुडिओने मुलांसाठी एक चित्रपट काढला. हरवलेल्या कोकराला पाठीवर घेऊन एक म्हातारी गाढवीण डोंगरापलीकडच्या कळपात पोहोचवते, एवढीच गोष्ट. आमच्या कामात आवाज आधी मुद्रित होतो, चित्रे मागून. माझ्याकडे एक टेप आली. तीत कोणी तरुणी म्हातारीच्या आवाजात कोकराला रागवत होती, थापा मारून धीर देत होती, दमून श्वास घेत होती. वर्षभर मी तो आवाज ऐकत तिच्या श्वासाश्वासाची चित्रे काढली. तिला पाहिले नव्हते. चित्रपटाचा पहिला तयार तुकडा बघायला ती आली आणि दिवे लागल्यावर तिने मला गाठले.

"मी थाप मारताना डावी भुवई उडवते, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"टेपने," मी म्हणालो.

त्या वर्षाअखेर आमचे लग्न झाले. पुढे ती कधी चिडली, हसली, रुसली, की मला वाटे, हे चित्र तर मी आधीच काढले आहे.

दोन वर्षांपूर्वी एक तरुण दिग्दर्शक घरी आला. तोच चित्रपट पुन्हा काढायचा होता, पण अगदी खऱ्या प्राण्यांसारखा, सगळा संगणकावर.

"म्हणजे रेषाच नाही?" मी विचारले.

"नाही सर. केस न् केस खरा. चित्र आहे असं कुणाला वाटताच कामा नये."

"मग माझ्याकडे काय काम?"

तो ओशाळला. "खरं म्हणजे, सर, मी मावशींना भेटायला आलोय. आवाज त्यांचाच हवाय."

मी सर आणि ती मावशी! अजून चहाही झाला नव्हता. मी म्हणालो, "विचार करून कळवू." त्याच वेळी पत्नी म्हणाली, "कधीपासून यायचं?"

रोज सकाळी तिला न्यायला गाडी येऊ लागली. ती चेहऱ्यावर बारीक ठिपके चिकटवून घेई, आणि तिची प्रत्येक सुरकुती हलली की तशी संगणकातली गाढवीण हले. एका संध्याकाळी ती जेवायला बसली, तेव्हा डोळ्याखाली एक ठिपका राहिला होता.

"अगं, तोंडावर काहीतरी राहिलंय."

"राहू द्या. उद्या परत लावायचेच आहेत."

आणि भात वाढताना ती गुणगुणत होती. परक्या माणसाच्या अत्तराचा वास यावा तसा तो ठिपका मला झोंबला. दुसऱ्याच दिवशी मी वकीलबाईंकडे गेलो. चित्रे जाळावीत, आणि पत्नीने या गाढविणीचा आवाज पुन्हा कधी दिला तर घर तिला मिळू नये, असे लिहून घ्या म्हणालो. त्यांनी चष्मा काढून ठेवला. "काका, हे कोर्टात कदाचित टिकेल. घरात टिकणार नाही." तरी मी सही केली.

चित्रपट लागला, आम्ही सहकुटुंब गेलो. मी चुका शोधायला गेलो होतो. पहिला अर्धा तास ती गाढवीण नुसती गाढव होती; ना भुवई, ना हसू. मी खूश होतो. मग नदी आली. कोकरू विचारते, पलीकडे आई आहे ना? गाढविणीला ते माहीत नसते. माझ्या चित्रात तिथे ती भुवई उडवून थाप मारते आणि मुले हसतात. ही काहीच करीत नाही. थांबते, ओली मान किंचित खाली करते, आणि "आहे" म्हणते. थिएटरात कोणी हसले नाही. माझ्या पुढच्या रांगेतला बाप्या डोळे पुसत होता. मीही पुसले, आणि त्याचाच मला जास्त राग आला. वाईट असते तर मी सुखाने घरी गेलो असतो.

नात माझ्या कानात म्हणाली, "आजोबा, ही खरी आहे ना?" मी तिला गप्प बसायला सांगितले.

घरी आल्यावर मी चपला काढायच्या आधीच पत्नीला विचारले, "तुला कोणती आवडली?"

"नवी," ती म्हणाली.

लग्नाच्या बायकोने विचार करायला थोडा तरी वेळ घ्यावा!

"आणि माझी?"

"तुमची तुमचीच होती हो. तेव्हा मी पोर होते. म्हातारीचा आवाज काढत होते आणि तुम्ही तुम्हाला हवी तशी बाई त्यात काढलीत. छान काढलीत. मी जन्मभर तशी भुवई उडवत राहिले, मग खरी उडायची की तुमच्यासाठी, ते मलाच कळेना. ही मी आहे. गुडघे दुखतात, थाप मारायचं त्राण नाही, तरी कोकराला पाठीवरून उतरवत नाही."

मी म्हणालो, "हे मला कधी बोलली नाहीस."

"तुम्ही विचारलं नाहीत. तुम्ही टेप ऐकलीत."

मी चपला काढून कोपऱ्यात नीट लावल्या. मत्सर गेला का, तर नाही. पण आधी मी त्या पोराचा आणि त्याच्या संगणकाचा करीत होतो, आता कोणाचा करावा हेच कळत नाही. सबब ते मृत्युपत्र मी फाडले.

चित्रे जाळू नयेत. त्यांची मागची बाजू कोरी आहे. ती नातीच्या शाळेला द्यावीत. पोरांनी मागे हवे ते काढावे, गाढवच काढायची सक्ती नाही. पत्नीने त्यातले एक आधीच काढून घेतले आहे. कोणते ते ती सांगत नाही.

६. सदर दिग्दर्शकास माझ्या चित्रांपैकी काहीही देऊ नये. त्याला त्यांची गरज नाही, हीच माझी तक्रार आहे.

७. चित्रपटाचा दुसरा भाग निघणार असून पत्नीने होकार कळवला आहे. या वेळी तिने मला आधी विचारले. मी "जा" म्हणालो; नीट म्हणता आले नाही, पण म्हणालो.

८. पत्नीचा आवाज ही माझी मालमत्ता नाही, म्हणून त्याची वाटणी इथे केलेली नाही. वकीलबाई म्हणाल्या, हे कलम काढा. जे आपले नाही ते आपले नाही, असे मृत्युपत्रात कोणी लिहीत नाही. मी ठेवले आहे. मला ते एकदा माझ्या अक्षरात पाहायचे होते.

वरील मजकूर मी वाचला, समजलो, आणि दोघा साक्षीदारांसमोर सही केली. त्यांनीही माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर केली.

(सही) पेन्सिलकाका, या नावानेच धंद्यात व गल्लीत ओळख

साक्षीदार १: (सही) तळमजल्यावरचे डॉक्टर
साक्षीदार २: (सही) शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर

ठिकाण: राहते घर, जेवणाचे टेबल
दिनांक: ७ फेब्रुवारी २०२६, शनिवार