बारा स्लीपर, अर्धा इंच सैल

तीर्थस्वरूप अक्का,

गुडघे परवानगी देतील तितकं वाकून नमस्कार. (डॉक्टरांनी वाकायला मनाई केली आहे, तेव्हा उरलेला नमस्कार मी उभ्यानेच केला असं समज.) तुझा रक्तदाब कसा आहे? भावोजींनी नवा चष्मा वापरायला काढला का, की अजून तो कपाटात जपून ठेवून जुन्यानंच पेपर वाचतात? मी बरा आहे. म्हणजे भूक लागते, झोपही लागते, फक्त हल्ली दोन्ही भलत्या वेळी लागतात.

परवा फोनवर तू, बारा स्लीपर कशाला आणल्यास, तुला पाय दोनच आहेत ना, असं म्हणालीस आणि दूध उतू जातंय म्हणून फोन ठेवलास. म्हणून हे पत्र. अक्का, स्लीपर म्हणजे पायात घालायच्या नव्हेत. रुळांखाली आडवे घालतात तसले लाकडाचे ठोकळे. आठ फूट लांब, वीतभर रुंद आणि चार बोटं जाड. लोक ते बागेत मातीला काठ म्हणून लावतात, किंवा एकावर एक रचून चौकट करतात आणि आत माती भरतात. मग वाफाच उंच होतो आणि माणसाला वाकावं लागत नाही. चाळीस वर्षं लोकांचे कोट बेतणाऱ्या तुझ्या भावाला हे कुठून सुचलं, असं तू विचारशील. मला सुचलं नाही. मला ते करायला लावलं गेलं.

आमच्या मागच्या अंगणाला उतार आहे, तुला ठाऊकच आहे. दुकान बंद केल्यापासून मी तिथे टोमॅटो, पुदिना असं काहीबाही लावतो. पाणी घातलं की माती उतारानं शेजारी जाते. शेजारी ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या बाई राहतात. (एकट्याच. वडिलांना शेवटपर्यंत त्यांनीच सांभाळलं. हे मी उगाच सांगतोय, विषय मातीचा आहे.) त्यांची शिकवायची गाडी नेमकी उताराच्या पायथ्याशी उभी असते, त्यामुळे रोज सकाळी चाकं चिखलात. एके दिवशी त्या कुंपणापाशी आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "तुमची बाग हप्त्याहप्त्यानं माझ्याकडे राहायला येतेय. एकदाच काय ते सामान घेऊन येऊ दे, नाहीतर तिला तिथेच थांबवा." मी म्हटलं थांबवतो. अकरा वर्षांच्या शेजारात आमचं एवढं लांबलचक बोलणं पहिल्यांदाच झालं.

वखारवाल्याकडे गेलो. त्यानं विचारलं, रेल्वेचे जुने देऊ की नवे? जुन्यांना डांबराचा वास होता आणि तसल्यात खायची भाजी लावू नका असं तोच म्हणाला. नवे मात्र काय सांगू! मी एकावरून हात फिरवला, आडवा, उभा, आणि रेघा कुठून कुठे जातात ते बघत बसलो. चांगलं लोकरीचं कापड पहिल्यांदा उलगडलं की दुकानात जसा एक वास पसरायचा आणि क्षणभर कात्री हातात घ्यावीशीच वाटायची नाही, तसं झालं. किती वेळ गेला कळलं नाही. वखारवाल्यानं दोनदा खाकरून विचारलं, काका, घेताय की नुसतेच भेटायला आलात?

काठासाठी सहा आणि वाफ्यासाठी सहा असे बारा घेतले. गाडीवाल्यानं ते माझ्या फाटकासमोर टाकायचे तर बाईंच्या फाटकासमोर टाकले आणि तो पसार झाला. आत बाईंची गाडी, आणि गाडीत त्यांचे विद्यार्थी, म्हणजे आपल्या चौकातले दातांचे डॉक्टर. (वय बावन्न, परीक्षेत तीनदा नापास.) आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या हातून गाडी सुरू केल्या केल्या बंद पडली नव्हती, आणि समोर एवढा लाकडाचा ढीग! बाई उतरल्या, ढिगाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, बाह्या सरसावल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही मागचं टोक धरा."

अक्का, एक स्लीपर दोन माणसांना जेमतेम उचलवतो. त्या पुढे, मी मागे. "डावीकडे घ्या. हळू. आता सरळ. थांबा म्हटलं की आधी थांबायचं, का ते नंतर विचारायचं." आणि प्रत्येक वळणाला त्यांचा पाय जमिनीवर नसलेला ब्रेक दाबायचा. त्यांच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी वेगळा ब्रेक असतो म्हणे, वीस वर्षांची सवय ती. मला ते इतकं गोड वाटलं (म्हणजे उपयोगी वाटलं) की पाचव्या फेरीला मी मुद्दाम थोडा वाकडा चाललो.

पुढचे आठ-दहा दिवस काम चाललं. चर खणायचा, त्यात खडी टाकून ठोकायची, वर स्लीपर ठेवायचा, पाणसळ लावून पातळी बघायची, तिच्या नळीतला बुडबुडा मधोमध येईपर्यंत स्लीपर काढायचा आणि पुन्हा ठेवायचा. पाणसळीतल्या त्या बुडबुड्याकडे मी तासन्‌तास बघू शकतो. तो कसा सावकाश सरकतो, मधल्या रेघांशी येऊन क्षणभर थबकतो, आणि आपण श्वास सोडला की पुन्हा निघून जातो. बाईही बघायच्या. शिकवणीच्या दोन वेळांमध्ये अर्धा तास मोकळा असला की त्या कुंपणापाशी यायच्या, मग फाटकातून यायला लागल्या. स्क्रूंसाठी भोकं पाडायचं काम डॉक्टरांनी अंगावर घेतलं. स्टिअरिंग धरलं की थरथरणारा तो माणूस हातात ड्रिल आल्यावर असा स्थिर झाला की बाईसुद्धा चकित झाल्या. भोक पाडण्याआधी ते सवयीनं लाकडाला सांगायचे, थोडं जाणवेल.

गडबड झाली ती कापताना. वाफ्याच्या आखूड बाजूंचे खालच्या थराचे तुकडे वखारवाल्यानं मशीनवर कापून दिले होते, अगदी मापात. वरच्या थराचे मी घरी कापले. आता चाळीस वर्षांचा हात, अक्का. माप घेतलं, खडूनं खूण केली, आणि नकळत शिलाईसाठी अर्धा इंच जास्त सोडला. लाकडाला शिलाई नसते हे वरचा थर बसवल्यावर लक्षात आलं. आता वाफ्याचा वरचा भाग खालच्याहून अर्धा इंच बाहेर येतो, मोठ्या भावाचा कोट धाकट्यानं घातल्यासारखा. मी पुन्हा कापायला निघालो तर बाई म्हणाल्या, "राहू दे. अंगाला फार घट्ट बसणारं मला आवडत नाही." (वाफ्याबद्दल म्हणाल्या.)

माती भरायच्या आदल्या दुपारी मी रिकाम्या चौकटीत उतरलो. कड सरळ आहे का ते डोळा लावून बघायचं होतं, त्यासाठी आडवा झालो. वर ढग होते, विरलेल्या अस्तरासारखे. लाकूड उन्हानं कोमट झालं होतं. पाठीखाली खडी होती, तरी झोप लागली. स्वप्नात आमचं दुकान होतं, पण छत नव्हतं, कोट झाडांना लटकले होते, आणि ती (तुझी भावजय, दुसरी कोण असणार!) काउंटरमागे बसून बटणं लावत होती. मला बघून तिनं दात लावून दोरा तोडला आणि विचारलं, मापात थोडी जागा सोडलीस ना? मी म्हटलं, अर्धा इंच. ती म्हणाली, पुरे झालं. ती गेल्यापासूनच्या सहा वर्षांत पहिल्यांदा स्वप्नात हसली, अक्का.

डोळे उघडले तर बाई काठावर बसलेल्या. पांढऱ्याफटक. त्यांनी कुंपणावरून मला तसा चौकटीत पडलेला पाहिला होता आणि दोनदा हाक मारली होती. म्हणाल्या, "वडिलांना मी अशीच हाका मारत होते. पुन्हा असं झोपायचं असेल तर सांगून झोपत जा." मग त्या तिथेच काठावर बसून राहिल्या. मीही उठलो नाही. काठाची उंची सोळा इंच आहे, बसायला अगदी बरोबर. हे कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नाही.

तर दुसऱ्या दिवशी माती भरली, रोपं लावली, कुंपणालगतचा काठही पक्का झाला. काम इतकं चोख झालं की एक कण माती पलीकडे जाईना. आणि इथेच माझं चुकलं. चाकं स्वच्छ, तक्रार नाही, तक्रार नाही तर येणं नाही. एक दिवस गेला, चार गेले, नऊ गेले. डॉक्टर चौथ्यांदा परीक्षेला बसले, पास झाले, पेढे द्यायला ते एकटेच आले. मी संध्याकाळी वाफ्याच्या काठावर बसायचो आणि टोमॅटोला पाणी घालायचं विसरायचो. दहाव्या दिवशी सकाळी मी (हे भावोजींना वाचून दाखवू नकोस) काठाच्या टोकाची थोडी खडी हातानं बाजूला केली आणि दोन बादल्या पाणी ओतलं.

तासाभरात बाई हजर. "गळतंय कुठून?" म्हटलं, तेच बघतोय. तीन दिवस आम्ही ते गळतं ठिकाण शोधतोय. एकेका स्लीपरपाशी बसतो, खालून बोट घालून बघतो, मग दमतो, मग चहा होतो. अजून सापडलेलं नाही.

बाकी सर्व क्षेम. लेकीचा फोन येतो. तिचं म्हणणं, घर विकून वर्षअखेरीपर्यंत तिच्याकडे राहायला जावं. बाल्कनीत दोन कुंड्या मावतात म्हणाली. मी मागे हो म्हणून बसलोय. पोरगी मायेची आहे, तिनं खोलीचे पडदेसुद्धा घेतलेत. भावोजींना नमस्कार.

तुझा धाकटा,
(अजूनही तुझ्या धाकातला)

ता. क. – अक्का, मी लेकीकडे जाणार नाही. हे तू तिला सांगशील का? तुझं ती ऐकते. जायचं असलेला माणूस सहा-सहा इंची स्क्रू मारून अंगणात लाकडं पक्की करत नाही, असं काहीतरी सांग.

ता. क. २ – आणि ती का म्हणून विचारेल, तेव्हा तुला जे वाटतं ते सांग. तुला काय वाटतं ते मला आधी कळव. या वयात हे शोभतं का, एवढंच मला तुझ्याकडून हवंय. तू नको म्हणालीस तर मी खडी पुन्हा होती तशी लावीन आणि विषय संपला. तुझं हो असेल तर चार दिवस येऊन जा. एकट्यानं मला बोलणं जमणार नाही. वर जे लिहिलंय ते सगळं स्लीपरांबद्दलच आहे, गैरसमज नसावा.

ता. क. ३ (वेगळ्या अक्षरात) – आदरणीय अक्का, सप्रेम नमस्कार. आपली ओळख नाही. मी शेजारची. तुमच्या भावानं हे पत्र माझ्याकडे पेटीत टाकायला दिलं आणि पाकीट चिकटवायचं ते विसरले. वाचायला नको होतं, पण पहिल्या पानावर माझ्या गाडीची चाकं दिसली, मग थांबता आलं नाही. ते बादली घेऊन गेले तेव्हा मी स्वयंपाकघराच्या खिडकीत होते. गळतं कुठून ते मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. नऊ दिवस मी गेले नाही, कारण मलाही जायला कारण सापडत नव्हतं. तेव्हा शोभण्याबद्दल तुम्ही त्यांना काय ते कळवा, पण मी वाचलंय हे मात्र सांगू नका. विचारायला त्यांना वेळ लागेल, लागू दे. त्यांच्या लेकीला वाईट वाटू नये एवढं तुम्ही सांभाळा, ते मला जमणार नाही. आणि तुम्ही याल तेव्हा स्टेशनवर घ्यायला मी येईन. त्यांना रस्ता विचारू नका, बोलता बोलता ते भलत्याच गावाला नेतील.