उजव्या पायाचा गिअर

ता. ५ जाने. २००७, शुक्रवार

इथे आखातात शुक्रवारची सुट्टी, चर्चच्या मिस्साहून आलो. सून वही घेऊन समोर बसली. फिलूला इस्पितळात पेशंटचा ताप लिहायची सवय, आता माझी बडबड लिहिते. म्हणाली, "आई, बाबांना जाऊन सव्वा वर्ष झालं. तुम्ही रडला नाहीत, निदान बोला तरी." बोलते. काय बोलू? भात आज गिच्च झाला होता. लिही. कुणी केला ते लिहू नकोस.

इनास जेवायला वर आलाच नाही. चार शुक्रवार झाले, बिल्डिंगखाली पार्किंगमध्ये काहीतरी झाकून ठेवलंय, तिथेच असतो. बाप गॅरेजातून यायचा नाही, हा पार्किंगमधून.

ता. ६, शनिवार

इनासने हाताला धरून खाली नेलं. चादर काढली. "आई, ओळख."

बुलेट. कुणा म्हाताऱ्या इंग्रज इंजिनिअरची. तो मायदेशी गेला, ही शेडमध्ये वाळू खात राहिली. मला अक्षर वाचता येत नाही, पण बुलेट येते. हात फिरवला. मोठ्या दिव्याच्या दोन अंगांना दोन बारके दिवे, मांजरीच्या डोळ्यांसारखे. उजवीकडे गिअर, त्याच्यामागे न्यूट्रलची बारकी कांडी. ब्रेक डावीकडे. म्हटलं, ही आमच्या लग्नाच्या आगेमागेची.

"तुला कसं कळलं?"

"तुझ्या बापाला तीस वर्षं पाने कुणी उचलून दिले रे? शेजारणीने?"

तो हसला. मग दोघं नवराबायको माझ्या तोंडाकडे बघत राहिले. ह्यांची आठवण येऊन मी आता रडेन असं वाटलं असावं. काही आलं नाही. हाताला ग्रीस लागलं होतं. वर येऊन धुतलं.

ता. १२, शुक्रवार

इनास इंग्रजी पुस्तकातून बुलेटचा इतिहास सांगत होता. कुठल्या साली फ्रेम बदलली, कुठल्या साली काय. मी म्हटलं, पुस्तक ठेव बाजूला, माझी कंबर विचार.

ह्यांची पहिली गाडी लढाईतून उरलेली. मागच्या चाकाला स्प्रिंगच नाही. मागे बसले की वसईतला एकेक खड्डा मणक्यात मोजता यायचा. दोन महिन्यांची पोटुशी होते तेव्हा सासूने बसायला बंदी केली. पुढची आली तिला मागे स्प्रिंगा. मी ह्यांना म्हटलं, इंग्रजांना आता कुठे बायको झालेली दिसते. दिवा आधी काजव्याएवढा, बॅटरी सहा व्होल्टची. बारा व्होल्टची आली तेव्हा समोरचा माणूस दिसायला लागला. विलायतेत कारखाना बंद पडला, मद्रासला चालू राहिला. इंजिन मात्र तेच, उभं, एका सिलिंडरचं. किक मारायच्या आधी बॅटरीचा काटा मध्ये आला का बघायचा, नाहीतर उलटा झटका. ह्यांची पोटरी दोनदा सुजली.

मग बटणाने चालू होणारी आली. आणि गिअर डावीकडे गेला, ब्रेक उजवीकडे. जपानी गाड्यांसारखं.

इनास म्हणाला, "पुढे?" म्हटलं, पुढे तुझा चहा गार झाला.

ता. १९, शुक्र.

गाडी तयार. फट् फट् चौथ्या मजल्यापर्यंत ऐकू आलं. फिलूने माझी नाडीच धरली. म्हटलं चालू आहे गं, दोघींचं इंजिन चालू आहे.

इनास म्हणतो, गिअर उजवीकडेच ठेवणार, ओरिजिनल. याची रोजची मोटारसायकल जपानी. कॉलेजपासून पाय डाव्या गिअरला, उजव्या ब्रेकला बसलेला. म्हटलं, बदलून घे. डावीकडे आणायचा काहीतरी जोड मिळत असेल.

"आई, तू असं बोलतेस? बाबांनी तुला गॅरेजबाहेर काढलं असतं."

"तुझे बाबा कुठे आहेत आता सांगायला?"

जरा जोरात बोललं गेलं. तो फडकं घेऊन खाली गेला. पुढच्या शुक्रवारी पहिली चक्कर मारणार, समुद्राच्या रस्त्याने.

ता. २०, शनि.

इनास कामावर. फिलूला म्हटलं दार लाव, लिही.

ह्यांना ती बटणाची नवी गाडी इनासनेच घेऊन दिली. बाप म्हातारा झाला, किक नको मारायला म्हणून. प्रेमाने दिली. हे वर्षभर तिच्यावर कुरकुरले, पण गावभर दाखवून आले. हे गेले त्या दिवशी मी मागे बसले होते. बैल आडवा आला, ते खरंच. पण तो वीस पावलं लांब होता. सहज थांबली असती. ह्यांनी डावा पाय दाबला. पन्नास वर्षं तिथेच ब्रेक होता ना, आता तिथे गिअर. पुढचा ब्रेक हाताने दाबायची सवय नव्हतीच. गाडी ओरडली, थांबली नाही. मला ह्यांच्या पाठीला खांदा लागून कळलं, कुठला पाय हलला ते.

पोलिसांना सांगितलं, बैल आला. त्यांनी लिहून घेतलं, मी अंगठा दिला. बैल काही उलट बोलणार नव्हता.

फिलूचं पेन थांबलं. "हे इनासला माहीत नाही?"

"नाही."

"सांगू नका. त्यांनीच घेऊन दिलेली गाडी. माणूस मोडेल."

"नाही सांगितलं तर हाडं मोडतील. त्याचाही पाय तेच करणार, फक्त उलटा."

ती रडली. मी नाही. तिला पाणी दिलं.

ता. २५, गुरु.

सांगायचं, सांगायचं करत पाच दिवस गेले. तो गाणं म्हणत टाकी पुसतो. असा खूश बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. जीभ हलत नाही.

ता. २६, शुक्र.

मिस्साहून आलो आणि तो हेल्मेट घेऊन खाली. मागोमाग मी, मागोमाग फिलू. म्हटलं, थांब, मी मागे बसते. इंजिन बंद ठेव. वसईचा रस्ता समज. जोरात चाललायस. मी ओरडले, "बैल!"

त्याचा उजवा पाय खाली गेला. गिअर खट्कन वाजला.

हसला. "अगं, सवय होईल." पुन्हा इकडचं तिकडचं विचारलं, सुनेचा भात कसा झालाय वगैरे, आणि मध्येच ओरडले. पुन्हा उजवा. तिसऱ्यांदाही उजवा. तेव्हा हसला नाही. हातमोजे काढले, टाकीवर ठेवले. मागे न बघता म्हणाला, "आई, बाबांनी त्या दिवशी कुठला पाय दाबला?"

फिलू खांबाला धरून उभी. माझा हात त्याच्या पाठीवर होता. शर्ट ओला होता. जानेवारीत.

मी म्हटलं, "डावा."

मी उतरले, फिलूने धरून वर आणलं. जेवण झाकून ठेवलंय. फिलू विचारते, पुढे काय लिहू. मला काय माहीत? तो अजून गाडीवरच बसलाय. फिलू खाली डोकावून आली, म्हणते दोनदा किकवर पाय ठेवला, दोनदा उचलला. खिडकी उघडी ठेव.